‘आम्ही’ आणि ‘आपण’
सोलापूरच्या जैन समाजाच्या इतिहासातून संस्कार, स्वत्व आणि समाजसंबंधांचा एक मागोवा

मराठी भाषेत एकाच सर्वनामाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही उद्या यात्रेला जाणार’ असे म्हटले, की ऐकणारा त्या यात्रेतून वगळला जातो. ‘आपण उद्या यात्रेला जाऊ’ असे म्हणताच तोही तिच्यात सामील होतो. गुजरातीत हाच भेद ‘अमे’ आणि ‘आपणे’ या शब्दांनी दाखवितात, तर तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ या शब्दांनी. कन्नडमध्ये मात्र दोन्ही अर्थांना ‘नावु’ हा एकच शब्द पुरतो आणि हिंदी-उर्दूतील ‘हम’चीही स्थिती तीच आहे. या साऱ्या भाषा सोलापूरच्या बाजारपेठेत रोज एकमेकींना भेटतात. गुजराती मुळाचा कापडव्यापारी, कन्नड बोलणारा लिंगायत अडत्या, तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, उर्दू बोलणारा कारागीर आणि मराठी शेतकरी यांचा व्यवहार तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

व्याकरणातील हा लहानसा भेद समाजजीवनातील एका मोठ्या प्रश्नाकडे बोट दाखवितो. घरात वाढणारे मूल णमोकार मंत्र शिकते, त्याच्याही आधीपासून ‘आपली माणसे’ कोण आणि ‘ते लोक’ कोण, हे ते शिकत असते. हा धडा कोणी पाटीवर लिहून देत नाही. पाहुण्याला कोणत्या पेल्यातून पाणी दिले जाते, हमालाला कोणत्या शब्दांनी हाक मारली जाते, शेजारच्या कोणत्या घरी खेळायला जाण्याची मुभा असते, यांवरून मूल तो आपोआप टिपते. संस्कृती म्हणून जी वस्तू ओळखली जाते, तिचा फार मोठा भाग असा न बोलता दिला जातो.

संस्कार आणि स्वत्व

‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर सर्व संस्कृतींत सारखे नसते. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात स्वत्वाचे दोन प्रकार मांडले. अमेरिकेसारख्या समाजात माणूस स्वतःकडे स्वतंत्र, इतरांहून वेगळी व्यक्ती म्हणून पाहतो. जपानसारख्या समाजात तो स्वतःला नात्यांच्या जाळ्यातील एक गाठ मानतो. पहिल्या समाजात वेगळेपण हा गुण ठरतो, तर दुसऱ्यात सर्वांशी जुळवून घेणे हा गुण ठरतो.

व्यापारी जैन कुटुंब यांपैकी कोठे बसते, हे पाहणे उद्बोधक आहे. धर्मविचाराच्या बाजूने पाहिले, तर जैन दर्शनाइतके व्यक्तीला एकटे उभे करणारे दर्शन क्वचितच सापडेल. जीव स्वतःच कर्म करतो आणि त्याचे फळही स्वतःच भोगतो; बारा भावनांतील एकत्व भावना हेच चिंतन करावयास सांगते. कुटुंबाच्या बाजूने पाहिले, तर चित्र उलट दिसते. पेढीवर बसणाऱ्या मुलाची पत त्याची एकट्याची नसते. ती आजोबांनी मिळविलेली, वडिलांनी राखलेली आणि भावंडांनी वाटून घेतलेली असते. त्याने दिलेला शब्द मोडला, तर घराण्याचा शब्द मोडतो. आत्मा एकटा आणि पत मात्र सामाईक, अशा दोन संस्कारांच्या ताणातून या समाजाचे स्वत्व घडले आहे. त्याची चिकाटी आणि त्याचा संकोच या दोन्हींचे मूळ याच ताणात सापडते.

या दोन संस्कारांना जोडणारा दुवा म्हणजे श्रावकाचार. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे यांबरोबरच खोटी वजनेमापे वापरणे आणि अस्सल मालात नक्कल मिसळणे हे दोषही त्यांत मोडतात. जणू बाजारात उभे राहूनच ही यादी केली असावी. तिच्यात एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. माप आपल्या माणसाला खरे द्यावे आणि परक्याला खोटे चालेल, अशी सवलत तिच्यात कोठेही नाही. व्रताच्या दृष्टीने ग्राहकाची जात, भाषा वा धर्म यांना काहीच अर्थ नाही.

वहीची दोन रूपे

व्रत आणि व्यवहार यांत अंतर पडले म्हणजे काय होते, याचा एक कठोर धडा दख्खनच्या इतिहासात आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. कापसाचे भाव कोसळलेले होते, सरकारी सारा वाढलेला होता आणि जमिनी कर्जापायी हातच्या जात होत्या. उठावाचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता व त्यांच्यात जैनही होते. जमावाने प्रामुख्याने मागितली ती कर्जखते आणि ती हाती पडताच जाळून टाकली. माणसांवर मोठे हल्ले क्वचितच झाले. लोकांचा राग कागदावर होता.

त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूरच्या सावकारी पेढ्यांच्या व्यवहारालाही त्यामुळे न्यायालयीन तपासणीची चौकट आली.

व्यापाऱ्याच्या घरी वही ही पूजेची वस्तू आहे. दिवाळीला तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते. तीच वही निरक्षर ऋणकोच्या घरी भयाची वस्तू होती. पूजा करणाऱ्याला ती पावित्र्याची खूण वाटे आणि अंगठा उठविणाऱ्याला ती न वाचता येणारी शिक्षा वाटे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकत होते. मात्र एकाची संस्कृती दुसऱ्याच्या घरातून कशी दिसते, हे पाहण्याची वाट दोघांनाही नव्हती. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजासाठी हा प्रसंग विशेष मननीय आहे. एका वस्तूचे अनेक धर्म असतात हे तत्त्व शास्त्रसभेत मान्य करणे सोपे असते, स्वतःच्या वहीला ते लावून पाहणे अवघड जाते.

मराठीची निवड

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सोलापुरात एक वेगळा प्रयत्न सुरू झाला. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. मराठी जैन पत्रकारितेचा आरंभ या पत्रापासून मानला जातो. दोशी कुटुंब हुमड दिगंबर, मूळ गुजरातेतील. घरची बोली गुजराती. तरी धर्मजागृतीसाठी त्यांनी मराठीचा आश्रय घेतला.

या निवडीचे मोल समजण्यासाठी तेव्हाचा समाज डोळ्यांसमोर आणावा लागतो. सोलापूर आणि भोवतालच्या भागात जैन म्हणविणारे अनेक समूह होते. व्यापारानिमित्त आलेले हुमड, गुजराती आणि मारवाडी होते. शेती, शिवणकाम, बांगड्या-भांड्यांचा धंदा असे व्यवसाय करणारे सैतवाळ, कासार, पंचम, चतुर्थ हे येथलेच मराठी व कन्नड बोलणारे जैन होते. तीर्थंकर एक, णमोकार एक. पण रोटी-बेटीव्यवहार वेगळे, बोली वेगळ्या आणि एकमेकांविषयीचे ग्रहही वेगळे. पेढीवरच्या जैनाला नांगर धरणारा जैन आपला वाटेलच, असे नव्हते. अशा वेळी मराठीतून निघणाऱ्या पत्राने या सर्वांना एकच मजकूर एकाच वेळी वाचावयास दिला. निरनिराळ्या ‘आम्ही’मधून एक ‘आपण’ घडविण्याचे ते साधन ठरले.

याच घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या उद्योगांत पाऊल टाकले. १९१९ मध्ये स्थापन झालेली सिंदिया कंपनी आणि १९४० मधील बंगळूरचा विमान कारखाना हे त्यांचे साहस सर्वश्रुत आहे. वडिलांनी धर्मासाठी प्रांतभाषा स्वीकारली, मुलाने उद्योगासाठी देशाची सीमा डोळ्यांपुढे ठेवली. दोघांच्याही कामात ‘आपण’ या शब्दाची व्याप्ती वाढत गेलेली दिसते. शिक्षणाच्या क्षेत्रातही असेच घडले. ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची वालचंद महाविद्यालयासारखी महाविद्यालये आज सोलापुरातील सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींची झाली आहेत. पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थानगरात स्त्रीशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याने ‘आपण’मध्ये घरातील स्त्रीलाही विद्येची बरोबरीची जागा मागितली.

ज्ञानाच्या क्षेत्रातील उदाहरण तर याहून बोलके आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन संस्कृति संरक्षक संघाला दिली आणि त्यातून सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ‘तिलोयपण्णत्ती’सारखे प्राचीन ग्रंथ तिने प्रकाशात आणले. १९४९ मध्ये याच मालेत सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या काव्यावरील एक मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याचे लेखक कृष्णकांत हांडिकी हे जैन नव्हते. आसामातील या विद्वानाने एका जैन आचार्याच्या ग्रंथासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली आणि सोलापूरच्या जैन संस्थेने तो ग्रंथ आनंदाने छापला.

सोमदेवांनी हे काव्य इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केले, ते वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या राज्यात. हा प्रदेश आज तेलंगणात आहे. त्याच राजकुळाच्या आश्रयाने त्याआधी महाकवी पंपाने कन्नडमध्ये आदिपुराण रचले होते आणि पंपाचा भाऊ जिनवल्लभ याने तेथे कोरविलेल्या शिलालेखात संस्कृत, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा नांदतात. ज्या तेलंगणातून सोलापूरचे विणकर पोटासाठी आले, त्या मुलखात हजार वर्षांपूर्वी जैन कवींना मान होता. पूर्व भागातील यंत्रमागावर बसलेला विणकर आणि चाटी गल्लीतील कापडाचा व्यापारी यांना एकमेकांचा हा जुना ऋणानुबंध ठाऊक असता, तर कदाचित त्यांच्या बोलण्याचा सूर थोडा निराळा असता.

वसतिगृहाचे दार, मंदिराचे दार

‘आपण’ची व्याप्ती नेहमी सहज वाढली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला कोल्हापूरचा. कुंभोज येथे १८८७ मध्ये एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेला भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी तेथील जैन वसतिगृहात राहत होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने ते नाकारले आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे सातारच्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. कर्मवीर म्हणून महाराष्ट्राने गौरविलेल्या या पुरुषाच्या कार्यात स्वावलंबन, व्यसनमुक्ती आणि साधी राहणी हे घरातून मिळालेले संस्कार स्पष्ट दिसतात. ज्या समाजाने त्यांना हे संस्कार दिले, त्याच समाजाच्या एका वसतिगृहाने त्यांना बाहेरची वाट दाखविली. संस्कृती मूल्ये देते आणि कुंपणही घालते. कुंपण नाकारूनही मूल्ये जपता येतात, हे कर्मवीरांनी कृतीने दाखविले.

दुसरा प्रसंग सोलापूर जिल्ह्यातलाच आहे. १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिरप्रवेश कायद्यानंतर हा कायदा जैन मंदिरांना लागू होतो का, हा वाद उभा राहिला. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी जैन धर्माचे स्वतंत्र अस्तित्व मान्य व्हावे यासाठी १९४८ पासून अन्नाचा त्याग केला. अकलूजच्या जैन मंदिरात प्रशासनाच्या पुढाकाराने प्रवेश घडविण्यात आला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. हिंदूंना ज्या मंदिरात प्रवेशाचा हक्क आहे तेथे तो हरिजनांनाही मिळावा, एवढाच कायद्याचा हेतू आहे. जैन मंदिरावर ज्या हिंदूंचा मुळात हक्क नाही, त्यांना या कायद्याने नवा हक्क मिळत नाही, असा त्याचा आशय होता. आचार्यश्रींनी सुमारे तीन वर्षांनी अन्नग्रहण केले.

या घटनेची स्मृती समाजात आदराने जपली जाते आणि ते योग्यच आहे. एका लहान धर्मसमूहाची स्वतंत्र ओळख कायद्याने मान्य केली, हे तिचे महत्त्व. त्याच काळात समाजात दुसरा विचारही होता. क्षुल्लक गणेशप्रसाद वर्णी यांच्यासारख्या साधकाने हरिजनांच्या धर्माधिकाराच्या बाजूने मत मांडले आणि त्यासाठी रोषही पत्करला. न्यायालयापुढचा प्रश्न हक्काचा होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता आणि त्याचे उत्तर तेथून मिळणारही नव्हते.

ते उत्तर शोधण्यासाठी श्रावकाला स्वतःच्याच ग्रंथांकडे वळावे लागते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरण्डक श्रावकाचारात आठ मदांची गणना आहे आणि त्यांत कुलमद व जातिमद यांची नावे स्पष्टपणे घेतली आहेत. घराण्याचा आणि जातीचा गर्व हा सम्यग्दर्शनाला लागलेला मळ आहे, असे आचार्य सांगतात. त्याच ग्रंथात ते म्हणतात की हीन मानल्या गेलेल्या कुळात जन्मलेला माणूसही सम्यग्दर्शनाने युक्त असेल, तर तो देवतुल्य आहे. राखेखाली निखारा झाकलेला असावा, तसे त्याचे तेज आहे. ही शिकवण दीड हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. ती पाठशाळेत पाठ केली जाते. ती उंबरठ्यावर आठवते का, हा खरा प्रश्न आहे.

शेजार आणि संबंध

सोलापूरकर आपल्या शहराच्या सलोख्याचा अभिमान बाळगतात व तो निराधार नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले चार हुतात्मे – मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन – यांची नावे वाचली, तरी शहराची रचना कळते.

तथापि, शेजार आणि संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांच्या स्वरूपावर लिहिलेल्या ग्रंथात याचा शोध घेतला. दोन समूह नुसते जवळ राहिल्याने त्यांच्यातील ग्रह जात नाहीत. भेट समान पातळीवर व्हावी, दोघांपुढे समान उद्दिष्ट असावे, त्यासाठी सहकार्य घडावे आणि समाजातील वडीलधाऱ्यांची त्याला मान्यता असावी, अशा चार अटी त्यांनी सांगितल्या. हुतात्म्यांच्या बाबतीत या अटी पुऱ्या झाल्या होत्या, कारण स्वातंत्र्याचे उद्दिष्ट सर्वांचे होते. पेढीवर मात्र रोजची भेट मालक आणि नोकर, धनको आणि ऋणको, व्यापारी आणि हमाल यांची असते. वर्षानुवर्षे एका छपराखाली वावरूनही एकमेकांच्या घरची स्थिती ठाऊक नसते, ती यामुळेच.

हेन्री ताजफेल या संशोधकाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर केलेले प्रयोगही विचारात घेण्यासारखे आहेत. चित्रांच्या आवडीनिवडीसारख्या क्षुल्लक निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले, तरी मुले बक्षीस वाटताना आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. आपल्या गटात कोण आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. ‘झुकते माप’ हा शब्द व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मनातल्या तराजूचा काटा असा आपोआप कलत असेल, तर तो वारंवार तपासणे हाही अचौर्याचाच भाग मानावा लागेल.

आजचा प्रश्न

आज सोलापूरच्या व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर आणि परदेशांत जातात. तेथे ती स्वतःच अल्पसंख्य होतात. कांदा-लसणाविना जेवण मागताना, सूर्यास्तापूर्वी जेवू पाहताना आपला आचार दुसऱ्याने समजून घ्यावा, अशी त्यांची साधी अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे. ती रास्त असल्यामुळेच घरी परतल्यावर दुसऱ्याचा आचार समजून घेण्याची जबाबदारीही येते. मोठ्या शहरांत आहाराच्या कारणावरून घर भाड्याने देणे-नाकारणे हा वादाचा विषय झालेला आहे. आहारसंयम हे व्रत आहे आणि व्रत घेणारा स्वतःला बांधून घेतो. त्याच व्रताचा उपयोग दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी होऊ लागला, तर व्रताचा हेतू तपासून पाहावा लागतो.

यासाठी नवीन तत्त्वज्ञान शोधावे लागणार नाही. पर्वराजानंतर येणारा क्षमावाणीचा दिवस बहुतेक घरी नातेवाइकांना आणि समाजबांधवांना संदेश पाठविण्यात जातो. वास्तविक क्षमा सर्व जीवांची मागावयाची असते. त्या दिवशी दुकानातील मुनीम, हमाल, घरकाम करणारी बाई आणि शेजारचे अन्य धर्मीय कुटुंब यांच्यापुढे हात जोडले गेले, तर एका दिवसापुरती का होईना, समान पातळीवरची भेट घडते. पाठशाळेत तीर्थंकरांच्या चरित्रांबरोबर कर्मवीरांचे चरित्र सांगता येईल. सोलापुरात जन्मलेल्या मुलाला कामगाराशी त्याच्या तेलुगूत वा कन्नडमध्ये चार वाक्ये बोलता यावीत, एवढा आग्रह घरातील वडीलधाऱ्यांनी धरण्यास हरकत नाही. जुन्या पिढीतील अनेक व्यापारी या भाषा सहज बोलत असत. समाजाच्या वसतिगृहांत आणि शिष्यवृत्तींत काही जागा अन्य समाजांतील गरजू मुलांसाठी ठेवल्या, तर त्या मुलांबरोबर वाढणारी आपली मुले अधिक समृद्ध होतील.

ओळख जपणे आणि दार उघडे ठेवणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. हिराचंद नेमचंदांनी मराठी स्वीकारली म्हणून त्यांचे जैनत्व उणावले नाही. हांडिकींचा ग्रंथ छापल्याने ग्रंथमालेची प्रतिष्ठा वाढली. ज्या समाजाने आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द सांभाळले आहेत, त्याला दोन्हींची गरज पडते. यांपैकी कोणता शब्द कोणत्या प्रसंगी ओठांवर येतो, ते ऐकत ऐकतच घरातील पुढची पिढी मोठी होत असते.